अक्षरांचे मालक कोण?

साताऱ्यास जुळविलेला मजकूर सांगलीस उघडत नाही, ही तक्रार आता इतकी जुनी झाली आहे की, ती करणाऱ्यासच लोक भाबडा समजू लागले आहेत. लेखक साताऱ्याचा, छापखाना सांगलीचा. लेख क्षणार्धात येऊन पोहोचतो. आणि मुद्रक तो उघडून पाहतो तो पडद्यावर मराठीचे एक अक्षर नाही! रोमन लिपीतील तुटक अक्षरे, कंस, डॉलरच्या खुणा आणि उद्गारचिन्हे यांचा नुसता सडा पडलेला. मग दूरध्वनी जातो, ‘तुमचा फॉन्ट पाठवा.’ फॉन्ट येतो. पण तो चालविणारे सॉफ्टवेअर मुद्रकापाशी निराळ्या आवृत्तीचे, किंवा निराळ्या कारखान्याचे, किंवा त्याचा संगणकच निराळ्या प्रणालीवर चालणारा. शेवटी लेखकाने कागदावर प्रत काढून ती एस.टी.ने पाठवावी आणि सांगलीच्या जुळाऱ्याने ती पुन्हा पहिल्यापासून जुळवावी, हा तोडगा निघतो. आणि एकदा शुद्ध केलेल्या लेखात नवे मुद्रणदोष शिरतात ते वेगळेच. या दोन शहरांमधले अंतर सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास आहे. सांगली जिल्ह्याचे नाव १९६० सालापर्यंत ‘दक्षिण सातारा’ असेच होते. एका घराच्या दोन खोल्यांत एकमेकांचा कागद वाचता येऊ नये, अशातली ही स्थिती. आणि तीविषयी कोणास छेडावे, तर आमचे सुशिक्षित बंधू ‘ती तांत्रिक बाब आहे’ असे म्हणून चष्मा पुसू लागतात.

आमचा वाद आहे तो या ‘तांत्रिक बाब’ म्हणण्याशीच. अनुस्वार द्यावा की न द्यावा, वेलांटी ऱ्हस्व असावी की दीर्घ, ‘अ’ची बाराखडी करावी की नाही, यांवर महाराष्ट्रातील विद्वानांनी पिढ्यानुपिढ्या लेखण्या झिजविल्या, आणि तीच अक्षरे यंत्राच्या पोटात कोणत्या रूपाने राहावीत, हा प्रश्न आला तेव्हा मात्र सर्वांनी तो दुकानदारावर सोपवून दिला. भाषेचा प्रश्न कोणता आणि यंत्राचा कोणता, हे ठरविण्याची ही रीत आम्हांस अजब वाटते.

बाब समजून घेण्यास फारसे गणित लागत नाही. संगणकास अक्षर ठाऊक नसते. त्यास केवळ आकडे ठाऊक. अमुक आकडा आला म्हणजे अमुक आकृती पडद्यावर काढावी, एवढाच त्याचा आपल्याशी करार. जुन्या व्यवस्थेत या आकृत्यांस सारी मिळून २५६ घरे. त्यांतील पहिली निम्मी इंग्रजीने आधीच व्यापलेली. मराठी फॉन्ट विकणाऱ्या प्रत्येक कारखानदाराने काय केले, तर आपल्या आकृत्या इंग्रजीच्याच घरांत नेऊन बसविल्या: अर्धा ‘श’ एका घरात, काना दुसऱ्यात, रफार तिसऱ्यात. यंत्राची समजूत अशी की आपण इंग्रजीच लिहीत आहोत. वर मुखवटा तेवढा देवनागरीचा. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव ही नावे डी.टी.पी.च्या धंद्यातील कोणाच्याही तोंडी असतात; पण एकाची घरवाटणी दुसऱ्याशी जुळत नाही. ज्या घरात एकाचा ‘क’ नांदतो, त्याच घरात दुसऱ्याची मात्रा. मुखवटा गळून पडला की खालचे इंग्रजी उघडे पडते. सांगलीच्या मुद्रकास दिसला तो सडा हाच.

यातही आणखी एक गुंता आहे. वरच्या १२८ घरांची मांडणी विंडोजमध्ये एक आणि जुन्या मॅकिंटॉशमध्ये दुसरी होती. त्यामुळे फॉन्ट एकाच कारखान्याचा असला तरी मजकूर एका प्रणालीतून दुसरीत जाताना काही जोडाक्षरे वाटेतच वेष पालटीत. शिवाय आकृत्या ज्या क्रमाने डोळ्यांस दिसतात त्या क्रमाने साठवावयाच्या, असा या फॉन्टांचा शिरस्ता. ‘किती’ या शब्दात पहिली वेलांटी आधी, आणि ‘क’ तिच्या मागून! यंत्राच्या लेखी तो ‘किती’ हा शब्दच नव्हे. असा मजकूर अकारविल्हे लावता येत नाही, त्यात एखादे नाव शोधता येत नाही, आणि दृष्टिहीन वाचकाचे वाचनयंत्र तो वाचू लागले तर त्यातून अर्थशून्य इंग्रजी अक्षरांची बडबड ऐकू येते. थोडक्यात म्हणजे तो मजकूर दिसतो मराठी, पण मराठीत लिहिलेला नसतो. आमच्या तक्रारीचे सार एवढेच आहे.

मिरज हे आजच्या सांगली जिल्ह्यातले. तेथे गंगाधरराव गोविंद पटवर्धन यांच्या आश्रयाने १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून भगवद्गीता छापण्यात आली. मराठी मुलुखातील मुद्रणाच्या इतिहासात त्या पोथीचा मान मोठा आहे. पण पत्र्यावर कोरलेले अक्षर त्या पत्र्याचे बंदे. गीतेच्या पत्र्यावरून ज्ञानेश्वरीची एक ओवी उमटावयाची नाही. पुढे सुटे खिळे आले, तेव्हा अक्षर मोकळे झाले. जावजी दादाजींच्या मुंबईच्या निर्णयसागर कारखान्यात ओतलेले खिळे परगावच्या छापखान्यांतही चालत, कारण खिळ्याची उंची ठरीव असे. छापण्याचे यंत्र कोणी विकले, यावर ‘अ’चा ‘अ’पणा अवलंबून नसे. दीडशे वर्षांपूर्वी लोखंड आणि शिसे यांच्या कारागिरांनी जी गोष्ट जाणली, ती विजेच्या यंत्राच्या काळात आमच्या पदवीधरांस उमगू नये! संगणक घरी आणून आम्ही पुन्हा मिरजेच्या तांब्याच्या पत्र्यावर जाऊन बसलो. आणि पटवर्धनांनी तो पत्रा निदान दरसाल नवी आवृत्ती काढून विकावयास तरी ठेवला नव्हता.

फॉन्टांच्या कारखानदारांवर आमचा राग आहे, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. संगणकाच्या पडद्यावर मराठी दिसणे हेच ज्या काळी नवल होते, त्या काळी ती दाखविणारे पुष्कळदा हेच लोक होते. त्यांनी धंदा केला, आणि धंदा करणाराने आपल्या मालास कुलूप लावावे यात वावगे काही नाही. वावगे आहे ते ग्राहकाचे, आणि ग्राहक कोण? विद्यापीठे, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, वृत्तपत्रे, दिवाळी अंक काढणारी मंडळी. म्हणजे आम्ही सारे. १९९१ साली दोन गोष्टी घडल्या. भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ नावाची संकेतावली प्रमाण म्हणून जाहीर केली. आणि त्याच साली युनिकोडचा पहिला ग्रंथ निघाला. त्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली आहे. तेव्हा परकीयांनी आमच्या गळ्यात बांधलेली ही वस्तू नव्हे. तीत ‘क’ला एकच आकडा, तो साताऱ्यास तोच, सांगलीस तोच, विंडोजमध्ये तोच, लिनक्समध्ये तोच, ॲपलच्या यंत्रात तोच. २००० साली विंडोजने देवनागरी युनिकोड आत घेतले, आणि इतर प्रणालींतही ते यथावकाश आले. पाव शतक झाले, दार उघडे आहे. तरी आजही कित्येक मुद्रक आणि संपादक लेखकास ‘अमक्या फॉन्टातच मजकूर पाठवा’ असे निःशंकपणे बजावतात, आणि लेखकही ते निमूटपणे ऐकतात.

यात खरोखर काय बुडते, ते एका उदाहरणाने सांगतो. आमच्या एका दिवंगत स्नेह्यांनी कृष्णाकाठच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. बायांच्या तोंडून ऐकून, वहीत उतरवून घेऊन, पाठभेदांसह त्यांनी तो संग्रह १९९८ च्या सुमारास एका दुकानात जुळवून घेतला आणि फ्लॉप्यांवर ठेवला. प्रकाशक मिळाला नाही. पुढे ते वारले. वह्या आणि छापील प्रत त्यांच्या सांगलीच्या घरी तळमजल्यावर राहिली. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी आयर्विन पूल आणि त्याच्या आसपासच्या पेठा वेढून घरांत शिरले, तेव्हा त्या वह्यांचा लगदा झाला. फ्लॉप्या कन्येकडे पुण्यास होत्या, म्हणून वाचल्या. त्या वाचणारे जुने यंत्र शोधून काढले. फ्लॉप्या धड निघाल्या. त्यांतील एकही फाइल बिघडलेली नव्हती. आणि उघडल्यावर दिसले काय? तेच कंस, त्याच डॉलरच्या खुणा! जुळविणारे दुकान केव्हाच बंद झालेले. ते सॉफ्टवेअर संगणकाच्या पाठीस एक लहानसा ठोकळा अडकविल्यावाचून चालत नसे. तो ठोकळा, त्याला धंद्यात डाँगल म्हणतात, कोणाकडे गेला ते कोणास ठाऊक नाही. अखेर एका विद्यार्थ्याने चिकाटी धरली. स्नेह्यांनी पूर्वी कोणास पत्रासोबत धाडलेली चार छापील पाने मिळाली; त्यांवरून कोणत्या खुणेचे कोणते अक्षर, असा तक्ता त्याने बसविला, आणि चार महिन्यांनी बहुतेक ओव्या पुन्हा मराठीत आल्या. बहुतेक, सगळ्या नव्हेत. ज्या आकृत्या त्या चार पानांत आल्याच नव्हत्या, त्यांच्या जागी अजून चौकोन आहेत. त्या ओव्या गाणाऱ्या बायांपैकी आज कोणी हयात असेलसे वाटत नाही.

कागद पाण्याने नेला, त्यास उपाय नव्हता. पण फ्लॉपीवरचा मजकूर पाण्याने नेलेला नाही, वाळवीने नेलेला नाही. तो सुखरूप असून नाहीसा झाला. मोडीतील जुन्या दप्तरांची हीच दशा आपण पाहतो: कागद शाबूत, शाई शाबूत, आणि वाचणारे मोजके. परंतु मोडी निदान कोणा एकाच्या मालकीची नव्हती; ती शिकावयास कोणाची परवानगी लागत नाही, आणि २०१४ साली युनिकोडने तिलाही स्वतंत्र जागा दिली. तीनशे वर्षांपूर्वीचे मोडी पत्र आज मन लावून शिकणाऱ्या विद्यार्थ्यास वाचता येते, आणि पंचवीस वर्षांपूर्वीचा बाळबोध मजकूर वाचता येत नाही, यास काय म्हणावे?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप मुद्रकांचा. ते म्हणतात, युनिकोडचे सगळे ठीक आहे, पण पाने लावण्याच्या सॉफ्टवेअरात जोडाक्षरे तुटतात, आणि आमच्या जुन्या फॉन्टांसारखे वळणदार अक्षर त्यात मिळत नाही. हा आक्षेप एके काळी शंभर टक्के खरा होता. ज्या पेजमेकरवर मराठी डी.टी.पी.चा सारा डोलारा उभा राहिला, त्याची शेवटची आवृत्ती २००१ सालची, आणि युनिकोडी देवनागरी त्याच्या गावीही नव्हती. पण त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्ये २०१२ पासून देवनागरी नीट जुळते. फॉन्टांचे म्हणाल, तर राज्य मराठी विकास संस्थेची यशोमुद्रा आहे, मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू आहेत. आणि हे सर्व विनामूल्य. तेव्हा आज हा आक्षेप घेणारा मुद्रक अडचण सांगत नसून सवय सांगत असतो. सवय मोडणे कष्टाचे असते, हे आम्ही मान्य करतो. तिला अडचण म्हणणे मान्य करीत नाही.

दुसरा आक्षेप चतुर लोकांचा. ‘पी.डी.एफ. पाठवा म्हणजे झाले; ते कोठेही सारखेच दिसते.’ दिसते खरे! पण दिसणे म्हणजे वाचता येणे नव्हे. जुन्या फॉन्टातून काढलेली पी.डी.एफ. हे अक्षरांचे छायाचित्रच म्हणावे. तीतून उतारा घ्यावा तर पुन्हा तोच सडा. तीत एखादे ग्रामनाम शोधावे तर ते तेथे असूनही सापडत नाही. मराठीतील कितीतरी प्रबंध आज महाजालावर अशा रूपाने ठेवलेले आहेत. पाचशे पानांच्या प्रबंधात ‘औंध’ हा शब्द कोठे आला आहे, हे शोधण्यास पाचशे पाने चाळावी लागत असतील, तर तो संगणकावर ठेवण्यात आणि माळ्यावर ठेवण्यात भेद तो काय? उलट वाईचे उदाहरण पाहा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आज त्या कोशातील नोंदी युनिकोडमध्ये महाजालावर आहेत, आणि जतच्या शाळेतील मुलगी आपल्या फोनवर त्यांतील हवा तो शब्द शोधू शकते. तिचा फोन कोणत्या प्रणालीचा, हे वाईस कोणी विचारीत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गोंडस, आणि म्हणून सर्वांत घातक. तो असा की, सर्वांनी एकच प्रणाली आणि एकच सॉफ्टवेअर घेतले म्हणजे प्रश्नच मिटला. एवढी भांडाभांड कशास? ज्या जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे, तेथे तरी हा युक्तिवाद कोणी करू नये. नटाचे आटे प्रमाण मापाचे असले म्हणजे बोल्ट कोणत्याही दुकानातून आणता येतो, हे तेथला कोणीही फिटर सांगेल. एकाच दुकानात मिळणाऱ्या आट्यांचे यंत्र जो घेतो, तो यंत्र घेत नाही; तो त्या दुकानदारास जन्माचा पत्कर देतो. शिवाय ‘सर्वांनी एकच घ्यावे’ यातील सर्व म्हणजे कोण? भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांतून शिकणाऱ्या पहिल्या पिढीच्या मुलाजवळ संगणक नसतो. असतो तो एक स्वस्त ॲन्ड्रॉइड फोन, म्हणजे लिनक्सच्याच गर्भावर पोसलेले यंत्र. त्याच्या प्राध्यापकाने विकत घेतलेल्या फॉन्टातील टिपणे त्याच्या फोनवर उघडत नाहीत. ती उघडण्यासाठी त्याने काही हजारांचे सॉफ्टवेअर आणि ते चालविणारा संगणक घ्यावा, असे म्हणावयाचे काय? प्रणाली ज्याची त्याने निवडावी. पोटाप्रमाणे, पैशाप्रमाणे, आवडीप्रमाणे. अक्षर मात्र साऱ्यांचे एक असावे. एवढे झाले की प्रणालींचे वैविध्य हा दोष न राहता सोय होते.

करावयाचे काय, ते फार नाही. विद्यापीठांनी युनिकोडवाचून प्रबंध स्वीकारू नये. मासिकांनी आणि दिवाळी अंकांनी लेखकांस द्यावयाच्या सूचनेत तसे एक वाक्य घालावे. ग्रंथालयांनी आणि संस्थांनी आपल्या कपाटांतील जुन्या तबकड्या, त्या चालविणारी माणसे आहेत तोवर, रूपांतरित करून घ्याव्यात. रूपांतराची साधने आज मिळतात, ती सदोष असली तरी. आणि ज्या कारखानदारांचे जुने फॉन्ट आता विकले जात नाहीत, त्यांनी त्यांची घरवाटणी छापून मोकळी करावी. धंद्याचे यात काही बुडत नाही. एका विद्यार्थ्याचे चार महिने मात्र वाचतात.

युनिकोड आले म्हणजे सर्व झाले, असे मानणाऱ्यांशीही आमचे थोडे भांडण आहे. ‘ॲ’ या मराठीच्या नित्याच्या अक्षरास त्यात स्वतःची जागा मिळाली ती २००८ साली. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या नोव्हेंबरात वर्णमालेचा निर्णय काढून ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे निश्चित केली. तरी बहुतेक यंत्रे आपण होऊन दाखवितात ती हिंदी वळणाचीच. ती बदलण्याची सोय फॉन्टांत करता येते, पण मागणारे मराठी ग्राहकच नसतील तर विकणारा ती कशास करील? आणि ‘ऱ्य’चे प्रकरण तर मराठीचे घरचेच, कारण हिंदीस त्याची गरज नाही. ही अक्षरजोडी युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येते: एक साध्या ‘र’पुढे हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण घालून, दुसरी नुक्त्याच्या ‘ऱ’पुढे केवळ हलन्त घालून. डोळ्यांस दोन्ही अगदी सारख्या. यंत्राच्या लेखी दोन निराळे शब्द. यामुळे ‘साताऱ्यास’ हा शब्द शोधावयास गेले असता एका रीतीने लिहिलेला सातारा सापडतो आणि दुसऱ्या रीतीने लिहिलेला तेथेच असून दडून राहतो. यांपैकी एकच रीत सर्व कळफलकांत आणि कोशांत चालवावी, असा आग्रह धरण्यास मराठी शिकविणाऱ्या पाच-पंचवीस माणसांनी एका टेबलाभोवती बसावे लागेल. आणि साहित्यसंस्थांच्या निवडणुकांकरिता तेवढी माणसे आजवर कितीदा तरी बसलेली आहेत.